आयती मस्टँग घ्यावी, की गंजकी आणून घडवावी?

मिशिगनमध्ये राहून गाड्यांच्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या आम्हा मराठी मंडळींना पन्नाशीच्या आसपास एक ठरलेला आजार होतो. मुलं कॉलेजला जातात, घराचा हप्ता आवाक्यात येतो आणि रात्री अकराला माणूस जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसतो. गेल्या महिन्यात एका मित्राने मला अशा दोन जाहिराती पाठवल्या. पहिली ॲरिझोनातली, १९६७ ची फोर्ड मस्टँग फास्टबॅक, म्हणजे छप्पर मागे उतरत जाणारी. लाल, आरशासारखी, 'नुकतीच नखशिखांत रिस्टोअर केलेली'. दुसरी आमच्यापासून तासाभरावरच्या एका कोठारातली. साल तेच, बॉडी तीच, इंजिन सुटं होऊन खोक्यांत भरलेलं, किंमत जेमतेम तिसरा हिस्सा. 'कुठली घेऊ?' मी म्हटलं, दोन्ही नको, तिसरी शोध. पण आधी या दोघींचं बघू.

(मस्टँग ही मसल कार नव्हे, पोनी कार, म्हणजे आटोपशीर स्पोर्टी गाडी, असं सांगणारा एक जण प्रत्येक मेळाव्यात भेटतो. त्याचं बरोबर आहे. खरी मसल कार म्हणजे १९६४ च्या पाँटियाक जीटीओसारखी मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं मोठं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. घेणाऱ्याला मात्र डोकेदुखी दोन्हींत सारखीच.)

कोठारातली स्वस्त वाटते, कारण आपण फक्त पहिला चेक मोजतो. समजा, गाडीला बाराशे तासांचं काम आहे. तासाला शंभर डॉलर घेणाऱ्या वर्कशॉपला दिलं तर नुसती मजुरी १ लाख २० हजार डॉलर, आणि त्यात इंजिनाचं काम, क्रोम, सीटा धरलेल्या नाहीत. स्वतः करायचं, तर दर शनिवारी सहा तास धरून दोनशे शनिवार, म्हणजे चार वर्षं. त्यातही जानेवारीत इथल्या गॅरेजमध्ये हातात पाना धरवत नाही. मस्टँगचा फायदा एवढाच, की तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग आज नवा बनून येतो, अख्खी बॉडीसुद्धा. तेच एएमसी किंवा मर्क्युरी या बंद पडलेल्या ब्रँडचं एखादं मॉडेल घेतलंत तर एका पट्टीसाठी वर्षभर हिंडाल. ज्याला वेल्डिंगचाच नाद आहे, त्याने खुशाल कोठारातली घ्यावी. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने तो मोह आवरावा. अर्धवट सोडलेली खोक्यांतली गाडी विकताना काय भाव येतो, हे त्या कोठारवाल्यालाच विचारा.

म्हणजे आयती बरी? हिशेबाने हो. रिस्टोरेशनवर झालेला खर्च विक्रीत क्वचितच पूर्ण निघतो, म्हणजे दुसऱ्याने सोसलेला तोटा आपल्या पथ्यावर पडतो. खोच 'रिस्टोअर्ड' या शब्दातच आहे. त्याला ठरलेला असा अर्थच नाही. एकाने बॉडी सांगाड्यावर चढवून, गरागरा फिरवून, पत्रा उघडा करून काम केलेलं असतं. दुसऱ्याने गंजावर लांबी (पुट्टी) भरून वर लाल रंग मारलेला असतो. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगतो. काही वर्षांपूर्वी मी दक्षिणेतल्या एका विक्रेत्याकडून '६७ चीच कूप, म्हणजे साध्या छपराची मस्टँग, फोटोंवरून घेतली. ट्रेलरवरून उतरली तेव्हा शेजारी बघायला आले. पहिल्या पावसात बायकोच्या पायावर थेंब पडू लागले. या पिढीच्या मस्टँगचं हे जुनं दुखणं: काचेच्या खाली, वायपरपाशी हवा आत घेणाऱ्या फटी असतात. त्यातून पानं-कचरा आत जातो, ओल साठते आणि आतला पत्रा कुजतो. तिथे रंगाचा हात पोचत नाही, आणि विकण्यापुरतं काम करणारा पोचवायलाही जात नाही. दुरुस्तीसाठी पुढची मडगार्डं, काच, सगळं उतरवून शेकडो स्पॉट-वेल्ड सोडवावे लागले. दुसऱ्या वर्षी मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर रंगाला फोड आले. खाली काय निघालं असेल, ते सांगायला नकोच.

म्हणून लांबची गाडी असेल तर मी विक्रेत्याकडे चकचकीत फोटो मागतच नाही. लिफ्टवर घेऊन खालून काढलेले मागतो. खाली सगळीकडे ताजा काळा थर फासलेला असेल, तर तो काय झाकतोय हे विचारायचं. त्या फटींत बादलीभर पाणी ओतून आत डॅशखालचा व्हिडिओ काढायला सांगायचं. इंजिन रात्रभर थंड असताना सुरू करतानाचा आणखी एक. पहिल्याच क्षणी निळा धूर निघाला तर तेल जळतंय. टायरवरचे शेवटचे चार आकडे मागायचे. २३११ असेल तर २०११ चा तेविसावा आठवडा. 'नुकतीच नखशिखांत' केलेल्या गाडीला इतके म्हातारे टायर असतील, तर बाकीचंही तसंच समजा. आणि इंजिन बांधताना व्हॉल्व्ह सीट कडक पोलादाच्या बसवल्या का, हे विचारा. जुनी इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलवर चालायची, आणि ते शिसं सीटांना झिजेपासून वाचवायचं. तसलं पेट्रोल अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून बंद आहे.

कागदांवर जरा थांबतो, कारण मोठी रक्कम इथेच बुडते. मस्टँगच्या दारावरची गाडीच्या नंबराची पट्टी रिव्हेटने बसवलेली, म्हणजे बदलता येते. १९६७ च्या गाडीचा खरा नंबर बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याचा फोटो हवाच. पहिला आकडा ७ म्हणजे साल, पुढचं अक्षर कारखाना, मग ०२ म्हणजे फास्टबॅक. ०१ निघाला तर ती जन्माने कूप आहे, छप्पर नंतर चढवलंय. पाचवं अक्षर इंजिनाचं: सी असेल तर साधी २८९, एस असेल तर ३९० (हे इंजिनाचे आकार, घनइंचांत). वर मार्टी रिपोर्ट काढायचा. १९६७ पासूनच्या फोर्डच्या नोंदींवरून तो मूळ रंग, इंजिन आणि ऑप्शन सांगतो. पाँटियाकसाठी अशीच सोय पीएचएसची (पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस). शेव्हरोलेट घेणाऱ्याचं मात्र कठीण. १९६६ ते ६८ च्या शेवेल एसएस ३९६ चा, म्हणजे मोठ्या इंजिनवाल्या शेवेलचा, नंबर १३८ ने सुरू होतो, प्रश्न मिटला. १९६९ आणि ७० मध्ये एसएस हा नुसता ऑप्शन झाला. नंबर मालिबूचा, म्हणजे साध्या शेवेलचा, आणि एसएसचा एकच. मूळ बिल्ड शीट (कारखान्यातला जुळणीचा कागद, बरेचदा पेट्रोलच्या टाकीवर सापडतो) हाती नसेल, तर एसएसचे पैसे देऊ नका. मालिबू म्हणून आवडली तर मालिबूच्या भावात घ्या.

आता ती तिसरी. माझी पसंती दहा-बारा वर्षांपूर्वी रिस्टोअर झालेल्या आणि त्यानंतर खरोखर चालवलेल्या गाडीला. लांबीला फुगायला, वेल्डला गंजायला, सीलना गळायला तेवढा वेळ मिळालेला असतो. जे लपवलं होतं ते वर आलेलं असतं. नाकावर खडे लागून उडालेले रंगाचे टवके, बोनेटखाली तेलाचा एखादा डाग, आणि मालकाकडे कामाच्या वेळच्या फोटोंची फाइल. गाडी-विमा कंपनी हॅगर्टीच्या भाव-यादीत गाडीच्या अवस्थेच्या एक (सर्वोत्तम) ते चार अशा प्रती असतात. अशी गाडी तीन नंबरात बसते, ताजी चकचकीत दोनच्या भावात विकली जाते. त्या फरकात पुढची बरीच वर्षं देखभाल होते. शिवाय तीन नंबरची गाडी पटेल ब्रदर्सबाहेर उभी करून वांगी आणायला जाता येतं, दोन नंबरची नेताना जीव मुठीत.

बाकी सोपस्कार: तिथल्याच एखाद्या तिऱ्हाइत मेकॅनिककडून तपासणी, आणि तीही बोली लावायच्या आधी, कारण लिलावात हातोडा पडला की परतीची वाट नसते. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, विक्रेत्याच्याच नावावर हवं. विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचा घ्या.

मित्राने ॲरिझोनावाल्याला खालचे फोटो मागितले. उत्तरात लाल रंगाचे आणखी वीस फोटो आले. आता त्याचं लक्ष ओहायोतल्या एका गडद हिरव्या कूपवर आहे. फास्टबॅक नाही म्हणून थोडा खट्टू आहे, पण २०१२ साली काम झालंय, उघड्या पत्र्याचे शंभरावर फोटो आहेत, आणि मालकाने न कुरकुरता बादलीभर पाणी ओतून दाखवलं. शनिवारी तपासणी आहे. टायर मात्र नवे टाकावे लागतील.