पुण्यातील एक आयकिडो वर्ग: जुन्यांनाही पहिल्या पाठाला बसवणारा

मी आयकिडो ही जपानी युद्धकला शिकते त्याला आता सहा वर्षे होत आली. त्यांपैकी गेले दीड वर्ष मी पुण्यातील ज्या वर्गात जाते, त्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पुढे काही उणिवाही सांगायच्या असल्यामुळे वर्गाचे नाव देत नाही. मात्र आपल्या शहरात असा वर्ग शोधणाऱ्याने नेमके काय पाहावे, हे यावरून कळावे अशी इच्छा आहे.

वर्ग एका शाळेच्या सभागृहात आठवड्यातून तीन दिवस सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत भरतो आणि महिन्याची फी १,८०० रुपये आहे. येथे नवशिक्यांची वेगळी तुकडी नाही. पहिली चाळीस मिनिटे सर्वांनी मिळून मूलभूत सराव करायचा, म्हणजे मागे आणि पुढे पडणे, गुडघ्यांवर चालणे, हानमीत, म्हणजे एक पाय पुढे ठेवून तिरके, उभे राहणे आणि ताई नो हेन्को ही वळण्याची हालचाल, आणि त्या वेळी जुन्या विद्यार्थ्याने नव्या विद्यार्थ्यासोबतच जोडी लावायची, असा सरांचा नियम आहे. पट्टा कोणताही असो, यातून कोणाला सूट मिळत नाही.

सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटला होता. आधी मी ज्या ठिकाणी शिकत होते तेथे नव्यांना सभागृहाच्या एका कोपऱ्यात एखाद्या तपकिरी पट्टेवाल्याच्या हवाली केले जाई आणि बाकीचे आम्ही आपापसात सराव करत असू. माझी तंत्रे तेथे अगदी सफाईदार दिसत असत. ती तशी दिसत, कारण समोरच्याला कधी पडायचे हे माझ्याआधीच ठाऊक असे. हे मला या वर्गात आल्यावर, तिसऱ्याच दिवशी, कळले.

त्या दिवशी माझ्या जोडीला बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी माझे मनगट धरले, तेही अंगठा आणि चारही बोटे घट्ट आवळून, बसच्या दांड्याला धरावे तसे. ताई नो हेन्कोमध्ये पुढचे पाऊल जोडीदाराच्या पायाशेजारी टाकून अर्धवर्तुळात वळायचे असते, म्हणजे शेवटी दोघेही एकाच दिशेला पाहू लागतात. धरलेला हात मात्र आहे तेथेच, आपल्या बेंबीसमोर राहिला पाहिजे. मी नेहमीप्रमाणे वळले आणि जागच्या जागी अडकले. काका तसूभरही हलले नव्हते आणि माझा खांदा कानापर्यंत वर आला होता. इतकी वर्षे मी पायांनी वळत नव्हते, हात ओढत होते, आणि सरावलेले जोडीदार सवयीने माझ्याबरोबर येत होते. काकांनी अगदी मनापासून विचारले, “ताई, मी सोडू का?” मी म्हटले, “नको काका, असेच धरून ठेवा.” त्या सकाळी आम्ही ती एकच हालचाल पंधरा मिनिटे केली. सरांनी येऊन फक्त माझ्या कोपरावर दोन बोटे ठेवली आणि ते खाली आणले. त्यानंतर पाऊल पडले, कंबर वळली आणि काका आपोआप माझ्या शेजारी आले.

आयकिडोच्या बहुतेक शैलींत स्पर्धा नसतात, त्यामुळे आपले तंत्र खरोखर लागू पडते की नाही, हे पारखण्याची संधी फार कमी मिळते. नवा विद्यार्थी ती संधी देतो, कारण त्याला अजून नम्रपणे पडता येत नाही. तो चुकीच्या वेळी हात सोडतो, नको तेथे जोर लावतो, तोल गेलेला नसेल तर ताठ उभा राहतो, आणि त्याची प्रत्येक चूक आपल्या हालचालीतील एखाद्या फटीकडे बोट दाखवते. जपानमधील इवामा येथे आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांच्याजवळ राहून शिकलेल्या मोरिहिरो साइतो यांच्या परंपरेत आजही प्रत्येक वर्गाची सुरुवात ताई नो हेन्कोने होते, अगदी वरच्या दानच्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातील वरच्या श्रेणींच्या, लोकांचीही. आपल्याकडील तालमीतही मुरलेला पैलवान पोरांच्या शेजारी उभा राहून जोर-बैठका काढतो, त्यामुळे मराठी माणसाला ही रीत परकी वाटू नये.

या रीतीत जुन्या विद्यार्थ्यावर मोठी जबाबदारी येते आणि हा वर्ग ती गांभीर्याने घेतो, हे मला विशेष सांगावेसे वाटते. शिहोनागे या फेकीचे उदाहरण घ्यायचे तर, त्यात पडणाऱ्याचा हात त्याच्याच खांद्यामागे नेऊन खाली आणला जातो. हात बाहेरच्या बाजूला गेला तर कोपराला इजा होते, आणि ज्याला हनुवटी छातीशी घेऊन पडता येत नाही त्याचे डोके मागे आपटू शकते. म्हणून पहिले दोन-तीन महिने नव्या माणसावर हे तंत्र तोल जाईपर्यंतच करायचे आणि तेथेच थांबायचे, असे सरांचे सक्त सांगणे आहे. आधीच्या वर्गात एका वरिष्ठाने निक्यो हे मनगट पिळण्याचे तंत्र गरजेपेक्षा जास्त दाबल्यामुळे माझे मनगट महिनाभर दुखत होते. इथे जोडीदाराने मॅटवर थाप मारताच हात सुटतो.

आता उणिवा. मॅट कोड्याच्या तुकड्यांसारखे एकमेकांत अडकवायचे फोमचे आहेत आणि गुडघ्यांवर चालताना ते मधूनच सुटतात. फटीत पायाचा अंगठा अडकून मी दोनदा धडपडले आहे. छताचे पंखे खाली असल्यामुळे बोक्केन (लाकडी तलवार) आणि जो (लाकडी काठी) यांचा सराव जवळपास होतच नाही, ही माझ्या मते मोठी त्रुटी आहे, कारण शिहोनागेतील हात वर नेऊन खाली आणण्याची क्रिया तलवार हाती घेतल्याशिवाय नीट उमगत नाही. शिवाय नवा प्रवेश वर्षभर चालू असतो. जानेवारीत नव्यांची संख्या जुन्यांच्या दुप्पट होते, तेव्हा दुसरा अर्धा भागही मुळाक्षरे गिरवण्यातच जातो आणि परीक्षेची तयारी करणाऱ्यांची अडचण होते. सरांनी त्या महिन्यापुरता एक जादा दिवस ठेवावा, असे मी त्यांना सुचवले आहे.

लवकर पट्टे मिळवण्याची घाई असलेल्यांना हा वर्ग मानवणार नाही. ज्यांचा सराव काही वर्षांनंतर एका जागी थबकला आहे, त्यांनी मात्र येथे अवश्य यावे. पहिला आठवडा फी न भरता बसता येते. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि साधी ट्रॅक पँट पुरते, नखे कापलेली हवीत, आणि आधी कितीही शिकलेले असाल तरी पहिल्या दिवशी सर तुम्हाला मागे पडायलाच लावतील.