४ जीबी रॅमवर जीनी आणि केट: काही महिन्यांच्या वापरानंतर

जीनी आणि केट हे कोड लिहायचे दोन हलके एडिटर, ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर कसे चालले ते इथे लिहितोय. आधी कामाचं स्वरूप सांगतो, म्हणजे पुढचं मत कुठून आलंय ते कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-नॅपकिनच्या कारखान्यांना बिलिंग आणि स्टॉकचे छोटे प्रोग्रॅम करून देतो. सगळं पायथन आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर, एका गिऱ्हाइकाचं जुनं जावा, आणि अधूनमधून थोडं सी. लॅपटॉप जुना आय३, ४ जीबी रॅम, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकलेली, वर लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती.

निम्मा दिवस कारखान्याच्या ऑफिसात जातो. मागांच्या खडखडाटाची सवय होते, पण हवेत उडणारे कापसाचे तंतू लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसतात, त्याला इलाज नाही. पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो, आणि जास्त तापला की स्वतःच वेग कमी करतो. त्यात एप्रिल-मेमधलं सोलापूर. अशात भारी आयडीई (एडिटर, कंपायलर, डीबगर सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) उघडला आणि त्याने प्रोजेक्टचं इंडेक्सिंग, म्हणजे सगळ्या फाइली वाचून नोंद करणं, सुरू केलं, की टाइप केलेलं अक्षर उमटायची वाट बघत बसायचं. मालक समोर उभा, गाडी लोड होऊन थांबलेली, बिलात एक रकाना वाढवायचाय, आणि आपण फिरणारं चक्र बघतोय. म्हणून दिवाळीच्या आधीपासून रोजचं काम हलक्या एडिटरवर आणलं.

सगळ्यात जास्त वापरला तो जीनी. २००५ पासून चालू असलेला, दिसायला जुनाट. मित्राने पाहिलं तर म्हणाला, "हे कसलं नोटपॅड वापरतोय बे?" पण उघडायला सेकंदभर लागतो, आणि मेमरी इतकी कमी खातो की शेजारी ब्राउझर आणि डेटाबेस दोन्ही निवांत चालतात. व्हीएस कोड हा लोकप्रिय एडिटर इलेक्ट्रॉनवर उभा आहे, म्हणजे आत अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट चालवणारा नोड. तो वाईट नाही, ८ जीबीवर मी खुशाल वापरेन. पण ४ जीबीवर आधीच एक ब्राउझर उघडा असताना दुसरा कशाला?

जीनीची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो काही झाकत नाही. पुतणी पॉलिटेक्निकला आहे, सीचं प्रॅक्टिकल घरी याच लॅपटॉपवर करते. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "काका, रनचं हिरवं बटण कुठाय?" तिला एफ८, एफ९ आणि एफ५ दाखवलं. एफ८ नुसतं कंपाइल करून, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणून, ऑब्जेक्ट फाइल बनवतं, एफ९ कंपाइल करून वर लिंकही करतं, म्हणजे तुकडे जोडून चालवता येणारी फाइल देतं, एफ५ ती फाइल चालवतं. आता यात एक गंमत आहे. कोड बदलून एफ९ न दाबता थेट एफ५ दाबलं, तर जुनाच प्रोग्रॅम चालतो. पोरगी बराच वेळ प्रिंटएफ (स्क्रीनवर छापायची ओळ) बदलत होती आणि उत्तर तेच येत होतं. कळल्यावर वैतागली खरी, पण कंपायलर आणि लिंकर ही दोन वेगळी माणसं आहेत हे तिला आता परीक्षेसाठी पाठ करावं लागणार नाही.

उणिवाही सांगतो. जीनीचं ऑटोकम्प्लीट उघड्या फाइलींमधली नावं आणि सिम्बॉल बघून सुचवतं. व्हेरिएबलचा प्रकार कोणता, त्यावर कोणती मेथड चालेल, हे त्याला फारसं कळत नाही. डीबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून चूक शोधायचं साधन, मूळ एडिटरमध्ये नाही. पायथनमध्ये मला त्याची चणचण भासली नाही, कारण ३.७ पासून ब्रेकपॉइंट हे फंक्शन भाषेतच आलंय. हवं तिथे लिहायचं, एफ५ दाबायचं, खाली टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) एकेक ओळ पुढे सरकवायची. जावात मात्र हात बांधल्यासारखं होतं. एका क्लासचं नाव बदलायचं तर मोठा आयडीई सगळ्या फाइलींमधले संदर्भ समजून बदलतो. इथे शोधा आणि बदला, आणि नंतर कंपायलरच्या शिव्या खा.

त्यासाठी केट. हा केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा एडिटर, पण एक्सएफसीईवरही नीट चालतो, आणि एलएसपीची (लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलची) सोय त्यात आधीपासून आहे. एलएसपी मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. भाषेची समज वेगळ्या सर्व्हरमध्ये राहते, आणि कोणताही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. ऐकायला झकास. पण टास्क मॅनेजर उघडून बघा: केट तसाच हलका, आणि शेजारी जावाचा लँग्वेज सर्व्हर, जो मुळात एक्लिप्सचंच इंजिन आहे, जीबीभर मेमरी गिळून बसलेला. म्हणजे वजन गेलं नाही, नुसतं शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. "अमुक एडिटर हलका आहे" असं कुणी म्हटलं की मी आता विचारतो, सर्व्हर चालू करून की बंद ठेवून? सीसाठीचा असाच सर्व्हर, क्लँगडी, माझ्या छोट्या प्रोजेक्टला सहज झेपतो. जावाचा सर्व्हर मी नाव बदलायचं असेल तेव्हाच चालू करतो आणि काम झालं की बंद.

हेलिक्स या तिसऱ्या एडिटरचं तोंडभरून कौतुक करायची तयारी होती. रस्ट भाषेत लिहिलेला, टर्मिनलमध्ये चालणारा, एलएसपी आणि ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारं साधन) आतच, प्लगइनची भानगड नाही. विम या टर्मिनलमधल्या जुन्या एडिटरमध्ये आधी क्रिया मग शब्द, इथे आधी शब्द निवडायचा मग काय करायचं ते सांगायचं. हे मला पटकन जमलं. पण घोडं अडलं ते देवनागरीपाशी. माझ्या बिलांमध्ये "विक्री", "ट्रान्सपोर्ट", "दुसऱ्या दराने" असले शब्द कोडमध्ये जागोजागी आहेत. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, आणि आपली जोडाक्षरं त्या चौकटीत मावत नाहीत. "विक्री"तली पहिली वेलांटी भलतीकडे, कर्सर दिसतो एका अक्षरावर आणि खोडलं जातं दुसरंच. दोष एकट्या हेलिक्सचा नाही, माझ्याकडच्या टर्मिनलमध्ये विम आणि मायक्रो (तोही टर्मिनलमधला एडिटर) यांचीही तीच गत. जीनी आणि केटमध्ये मात्र जोडाक्षरं नीट जुळून दिसतात. इंग्रजी समीक्षांमध्ये हा मुद्दा येतच नाही, आणि माझी निवड मात्र शेवटी यावरच ठरली.

भाड्याच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन दोन ओळी बदलायच्या असतील तर मायक्रो ठेवलाय. एकच फाइल, कंट्रोल-एस आणि कंट्रोल-सी जिथल्या तिथे, शिकण्यासारखं काही नाही. व्हीएस कोडने दूरच्या सर्व्हरवर काम करायचं तर तो तिथेही स्वतःचा एक भाग बसवतो, आणि त्याला तिथे किमान १ जीबी रॅम लागते. माझा भाड्याचा सर्व्हरच तेवढा आहे.

अँड्रॉइडचं काम या लॅपटॉपवर घेतच नाही. तिथे हलका पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रेडल (ॲप बांधणारं साधन) आणि एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) असे ना तसे मेमरी मागणारच. ते काम भावाच्या १६ जीबीच्या डेस्कटॉपवर.

कुणाला जीनी लावायचाच असेल तर आधी तीन गोष्टी करा. फॉन्ट असा निवडा ज्यात देवनागरी ठसठशीत दिसते. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा पायथन) वापरत असाल तर प्रोजेक्टच्या बिल्ड टॅबमध्ये तिथल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या, नाहीतर एफ५ सिस्टिमचा पायथन उचलतो आणि मॉड्यूल सापडत नाही म्हणून ओरडतो. आणि प्लगइन मॅनेजरमध्ये सेव्ह ॲक्शन्स चालू करून ऑटोसेव्ह लावा. कारखान्यातल्या डेस्कटॉपला यूपीएस नसतो, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही.