झेड थ्रीचे गिअरबॉक्स माउंट बदलले: एक उन्हाळा आणि एक हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो, तपशील मग. जुन्या बीएमडब्ल्यू झेड थ्रीचा गिअर ढिला वाटत असेल, हवा तिथे पडत नसेल, तर शॉर्ट शिफ्टरवर (दांड्याची हालचाल आखूड करणाऱ्या सुट्या भागावर) पैसे घालण्याआधी गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सचे दोन रबरी माउंट, म्हणजे त्याला खालून आधार देणारे रबराचे तुकडे, बघा. माझ्या गाडीत ते बदलून आता एक उन्हाळा आणि एक हिवाळा होऊन गेला. या गाडीवर आजवर जो काही खर्च केला, त्यात सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात मोठा फरक याच कामाने पडला.

गाडी १९९८ ची, २.८ लिटरचं सहा सिलिंडरचं एम५२ इंजिन, पाच गिअरचा मॅन्युअल. मी नॉर्थ कॅरोलिनात शार्लटला राहतो. ही गाडी साउथ कॅरोलिनातल्या ज्या स्पार्टनबर्ग कारखान्यात बनली, तो इथून साधारण दीड तासावर. सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची ती ब्लू रिज पार्कवेला. तिथे बहुतेक भागात ताशी ४५ मैलांची मर्यादा आहे, म्हणजे वेगाचं कौतुक नाही. पण वळणामागून वळण, आणि हाताला दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा असं सतत काम. गिअर नीट पडत नसेल तर अशा रस्त्यावर सगळी मजा जाते.

तक्रार अशी होती: दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की गिअरचा दांडा पुढे सरकायचा, पुन्हा दाबला की मागे यायचा. खालून 'ठप्' असा आवाज. वळणात असताना तिसरा शोधावा लागायचा. सिग्नलला उभं असताना सगळं ठीक, सगळे गिअर लोण्यासारखे. म्हणजे बिघाड गिअरबॉक्सच्या पोटात नाही, तो ज्यावर बसला आहे तिथे आहे, हे इथेच कळतं. सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी आतल्या चक्रांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) गेल्या असत्या तर गिअर टाकताना खरखर झाली असती.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. इंजिन पुढे दोन माउंटवर बसतं आणि गिअरबॉक्सचं मागचं टोक दोन छोट्या माउंटवर. हे दोन्ही छोटे माउंट एका क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या पट्टीवर, असतात आणि क्रॉस मेंबर बॉडीला बोल्टने आवळलेला असतो. आता गिअरच्या दांड्याकडे या. दांडा ज्या ॲल्युमिनियमच्या आर्मवर बसतो, त्या आर्मचं पुढचं टोक गिअरबॉक्सला पिनांनी जोडलेलं असतं आणि मागचं टोक बॉडीत, रबरी बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी अस्तरात). म्हणजे आर्मचा एक पाय गिअरबॉक्सवर, एक बॉडीवर. माउंट दमले की रेस देताना गिअरबॉक्स एका बाजूला पिळला जातो आणि आर्म तिरका होतो. हाताला जिथे तिसऱ्याची जागा वाटते, तिथे त्या क्षणी ती नसते.

हा नुसता आरामाचा प्रश्न नाही. जोरात रेस देऊन तिसऱ्यातून चौथा टाकताना दांडा डावीकडे गेला आणि चौथ्याऐवजी दुसरा पडला, तर क्लच सोडताक्षणी चाकं इंजिनाला रेडलाइनच्या, म्हणजे सुरक्षित आरपीएमच्या मर्यादेच्या, पार नेतात. रिव्ह लिमिटर फक्त पेट्रोल तोडू शकतो, चाकांकडून येणारी ओढ तो थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकले तर इंजिन उघडायचं काम निघतं. दोन रबरी तुकड्यांपायी एवढी जोखीम घेऊ नये.

तपासणी सोपी आहे. गाडी चारही स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीही जाऊ नका, घाई कितीही असो. गिअरबॉक्स आणि क्रॉस मेंबरच्या मध्ये पहार घालून हलकेच उचका. चांगला माउंट जरा दबतो आणि परत येतो. माझा एक माउंट उचकताच रबर वरच्या पत्र्यापासून सुटून फट उघडी पडली, पलीकडचा उजेड दिसला.

काढल्यावर जुने आणि नवे शेजारी ठेवले. जुने चांगलेच बुटके झाले होते, आणि दोघांची उंचीही सारखी राहिली नव्हती. त्यामुळे गिअरबॉक्स आधीच एका अंगाला कललेला होता. जुन्या रबरावर नखाने ओढलं तर काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी बोटाला लागायचं आणि साबणानेही लवकर जात नव्हतं. हे नुसत्या वयाने होत नाही. वयाने रबर कडक होतं, भेगाळतं; असं मऊ आणि चिकट होतं ते तेलाने. नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि ताकद गमावतं. शेजारून जाणाऱ्या एक्झॉस्टची उष्णता त्यात भर घालते. म्हणून माउंट बदलण्याआधी तेल कुठून येतंय ते शोधा. माझ्याकडे गिअर सिलेक्टर शाफ्टचं सील पाझरत होतं. सील स्वस्त आहे, पण तिथवर हात पोचवायलाच खरा वेळ जातो. ते तसंच सोडून नवे माउंट लावले तर तेही याच वाटेने जाणार.

आता निवडीबद्दल, कारण सगळी चर्चा इथेच अडते. बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय आहेत: मूळ कडकपणाचं रबर, तेच रबर पण भोवती धातूची वाटी जी त्याला बाजूला पसरू देत नाही, आणि पॉलियुरेथेन. पॉलियुरेथेन शोर ए या कडकपणाच्या मापावर बहुधा ८० किंवा ९५ चं मिळतं, मूळ रबर त्यापेक्षा बरंच मऊ. मी मूळ रबरच घेतलं, गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या उत्पादकाचं. दोन्ही मिळून शंभर डॉलरच्या बरेच आत बसले. घेताना एक बघा: चांगल्या माउंटवर बनवल्याच्या वर्षाचा ठसा असतो. रबर दुकानाच्या फळीवर पडून पडूनही म्हातारं होतं, तेव्हा ताजा माल मागून घ्या.

कामाचं फार सांगत नाही, कारण फार काही नाहीच. गिअरबॉक्सखाली जॅक, जॅकवर लाकडाचा ठोकळा, वजन जेमतेम तोललं जाईल इतकाच वर. बहुतेक काम १३ च्या पान्याने होतं. क्रॉस मेंबर काढल्यावर जॅक जास्त खाली सोडू नका. गिअरबॉक्सची शेपूट खाली गेली की इंजिनाची मागची बाजू फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) कलते आणि वरचे होज, वायरी ताणल्या जातात. एक गोष्ट मात्र मन लावून करा. नवे माउंट बसवताना सगळे नट आधी हातानेच लावा, जॅक काढून गिअरबॉक्सचं वजन माउंटवर येऊ द्या, गिअरबॉक्सला दोनदा हलवा, आणि मगच आवळा. अधांतरी आवळले तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि त्याचं आयुष्य कमी होतं. नट आठ एमएमच्या बोल्टचे आहेत (पाना १३ चा), वीस न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. जोर लावला तर बोल्टसकट आतला पत्रा फिरतो आणि नवाकोरा माउंट वाया जातो. आवळल्यावर प्रत्येक नटावर रंगाची एक रेघ मारून ठेवली.

गिअर ऑइल आणि दांड्याचे प्लॅस्टिकचे बुश मी मुद्दाम त्याच दिवशी बदलले नाहीत. सगळं एकदम बदललं की कशाने काय सुधारलं ते कळतच नाही. फक्त माउंट आणि ते सील, एवढंच केलं आणि गाडी डोंगरात नेली.

पहिल्याच वळणात कळलं. ॲक्सिलरेटर सोडला, दाबला, दांडा जागचा हलेना. तिसरा मनगटाच्या नुसत्या इशाऱ्यावर पडू लागला. खाली गिअर टाकताना रेस जुळवायला आता पायाचा अंदाज चालतो, कारण हात गिअर शोधण्यात गुंतलेला नसतो. सुरुवातीचे काही आठवडे थांबलेल्या गाडीत सीटखाली किंचित थरथर जास्त जाणवली. नवं रबर बसल्यावर ती गेली. हिवाळ्यात पहाटे तापमान शून्याखाली असताना पहिली पाच-दहा मिनिटं गाडी जरा कडक वाटते, गरम झाली की पूर्ववत. परवा ऑइल बदलताना खाली बघितलं: रेघा जागच्या जागी, रबर कोरडं, कुठे भेग नाही, दोन्ही माउंट समान उंचीचे.

बुश आणि ऑइल मी नंतर बदललं. त्याने दांडा आणखी नेमका झाला हे खरं, पण तो फरक माउंटच्या फरकापुढे लहान आहे.

पॉलियुरेथेनबद्दल ऐकीव बोलत नाही. एका मित्राच्या ई३६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम थ्रीमध्ये ९५ चे आहेत आणि ती गाडी मी भरपूर चालवली आहे. गिअर दगडासारखा पक्का. ट्रॅकवर मी तेच निवडेन. पण हायवेवर ठराविक आरपीएमला सगळ्या केबिनमध्ये गुणगुण भरते, आरशातल्या गाड्या थरथरतात, आणि दांड्यावर हात ठेवला तर मुंग्या येतात. शिवाय त्याने इंजिन माउंटही कडक घेतलेत, आणि ते बरोबरच आहे. इंजिन मऊ रबरावर आणि गिअरबॉक्स कडक पॉलीवर असेल तर इंजिन हलायचं थांबत नाही, सगळा ताण मागच्या टोकावर येतो. फक्त मागे पॉली लावून मोकळं होणं मला पटत नाही. गाडीचं छत उघडून बायकोबरोबर गप्पा मारत डोंगरात जायचं असेल, तर ताजं मूळ रबरच घ्यावं. वाटीवाले मी वापरलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: गिअरबॉक्स उभा आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी असलेल्या बोलेरोसारख्या गाडीतही गिअरबॉक्सला मागे रबराचाच आधार असतो. रेस सोडताना दांडा उडत असेल तर क्लचवर खापर फोडण्याआधी तिथे पहार लावून बघा.

एक गोष्ट मात्र पूर्ण गेली नाही. तो 'ठप्' आवाज बराच कमी झाला, पण पहिल्या गिअरमध्ये झटक्याने क्लच सोडला तर मागून अजून येतो. प्रोपेलर शाफ्टच्या पुढच्या टोकाची गुइबो नावाची रबरी चकती मी तपासली, ती चांगली आहे. उरला संशय डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागच्या बुशवर. झेड थ्रीत तो बुश डिक्कीच्या पत्र्याखाली लटकतो, आणि तो सैल झाला की दणके थेट त्या पत्र्याला बसून स्पॉट वेल्ड सुटू लागतात. या गाडीची ही माहीत असलेली खोड आहे आणि माउंटपेक्षा कितीतरी महाग पडते. डिक्कीतला गालिचा उचलून बघितला, वेल्ड सध्या शाबूत आहेत. बुश मागवला आहे. तुमच्याकडे सहा सिलिंडरची झेड थ्री असेल तर माउंटसाठी खाली गेलातच आहात, तेव्हा दिवा घेऊन मागचा पत्राही बघून घ्या.