जॅकेट बदलायला परत गेलो आणि 269 पाउंडांचा कोर्टाचा दावा आला

यूकेत नवीन आलेल्यांनी, आणि विशेषतः मित्र सांगतात म्हणून पार्किंगची पत्रं फाडून टाकणाऱ्यांनी हे वाचा, लांबलंय पण वाचाच, कारण मीही तेच केलं होतं.

ऑक्टोबर 2023. आईबाबा पुण्याहून आलेले. आईला थंडी सोसेना म्हणून शनिवारी सकाळी पावणेअकराला रीटेल पार्कला गेलो, तीन तास पार्किंग फ्री, पाऊण तासात जॅकेट घेऊन निघालो, वाटेत पेट्रोल भरलं, घरी जेवलो. दुपारी आई जॅकेट घालून बघते तर स्वेटरवरून चेनच लागेना. मग साडेपाचला परत जाऊन मोठी साईझ आणली, सहाला बाहेर. नऊ दिवसांनी पत्र, की तुमची गाडी सव्वासात तास उभी होती, 100 पाउंड भरा, 14 दिवसांत भरले तर 60. सोबत दोन फोटो, सकाळी आत येतानाचा आणि संध्याकाळी बाहेर जातानाचा. मधे मी बाहेर गेलो आणि परत आलो ते कॅमेऱ्याने टिपलंच नाही. एका दिवसात दोनदा गेलं की कधीकधी असं होतं, इथले लोक त्याला 'डबल डिप' म्हणतात.

ऑफिसातला मित्र म्हणाला, अरे हे प्रायव्हेट आहे, कौन्सिलचा (इथली नगरपालिका) दंड नाही, इग्नोर मार. अर्धं बरोबर होतं. दोन्हीला पीसीएनच म्हणतात पण कौन्सिलचं 'पेनल्टी चार्ज नोटीस', यांचं 'पार्किंग चार्ज नोटीस', म्हणजे नुसतं कॉन्ट्रॅक्टचं बिल. पण इग्नोर करायचे दिवस 2012 लाच संपले, त्या साली इंग्लंड-वेल्समधे कायदा आला की ड्रायव्हर कोण ते कळलं नाही तरी ठरावीक नोटीस वेळेत पाठवली असेल तर गाडीच्या रजिस्टर्ड कीपरकडून, म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. पत्ता त्यांना डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं देतं, अडीच पाउंडांत! आणि 2015 मधे सुप्रीम कोर्टाने चेम्सफर्डच्या एका माणसाच्या केसमधे 56 मिनिटं जास्त थांबल्याचे 85 पाउंड वैध ठरवले. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी अपील पण केलं नाही, ते फुकट होतं आणि पेट्रोलची नोंद दाखवली असती तर बहुतेक तिथेच मिटलं असतं. माझीच चूक.

मग वसुलीवाल्यांची पत्रं सुरू. लाल अक्षरं, 100 चे 170 झाले, ते 70 कशाचे ते कुठेच सांगितलेलं नाही. तीही फाडली. ही पत्रं खरंच नुसती पत्रं असतात, वसुलीवाला दारात येऊन टीव्ही उचलून नेत नाही. पण नोव्हेंबर 2024 मधे नॉर्थॅम्प्टनहून पाकीट आलं ते खरं कोर्टाचं होतं. 170, व्याज, कोर्ट फी 35, वकिलाचे 50, मिळून 269 च्या आसपास. खाली कारण काय तर 'नियम मोडले'. कुठला नियम, किती वेळ, काही नाही.

हे पाकीट मात्र फाडू नका.

क्लेमवर इश्यू डेट असते, त्यात 5 दिवस मिळवले की तो तुम्हाला पोचला असं कोर्ट धरतं, तिथून 14 दिवसांत उत्तर द्यायचं. माझी इश्यू डेट 6 नोव्हेंबर, म्हणजे 11 ला पोचला आणि 25 पर्यंत मुदत. कोर्टाच्या मनी क्लेम ऑनलाइन वेबसाइटवर जाऊन अक्नॉलेजमेंट, म्हणजे क्लेम मिळाल्याची पोच, टाकली की 14 चे 28 दिवस होतात, मला 9 डिसेंबर मिळाली. तिथे 'पूर्ण क्लेम डिफेंड करणार' एवढंच टिक करा, ज्युरिसडिक्शनच्या (या कोर्टाला अधिकारच नाही म्हणायच्या) चौकोनाला हात लावू नका, आणि डिफेन्सच्या बॉक्समधे घाईघाईत 'मी निर्दोष आहे हो' टाइप करू नका, एकदा सबमिट झालं की तोच तुमचा डिफेन्स.

त्या वेळात मी कंपनीला ईमेल करून माझा सगळा डेटा मागवला, तो फुकट द्यावाच लागतो. आले तेच दोन फोटो. बँकेच्या ॲपमधे पेट्रोलची नोंद सापडली, तिथून सहा मैलांवरच्या पंपाची, त्याच दुपारची. मुद्दा तेवढाच होता.

डिफेन्स दिल्यावर मेडिएशनचा, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोडीचा, फोन. मे 2024 पासून छोट्या दाव्यांत ते सक्तीचं आहे. मधली बाई गोड होती पण समोरून निरोप काय, तर 150 द्या आणि मिटवा. मी म्हटलं शून्य. घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू, त्याच वर्षी आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, फॉर्म भरायचा होता आणि बायको म्हणत होती देऊन टाक दीडशे. इथेच लोक फुटतात, आणि त्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो.

पुढे लोकल कोर्टात तारीख लागली. सुनावणीची फी 27 पाउंड त्यांनी भरायची होती. भरली नाही. केस सोडल्याची एक पानी नोटीस आली, सॉरी वगैरे काही नाही, आणि स्मॉल क्लेम असल्यामुळे माझ्या वेळेचे पैसेही नाहीत.

मी वाचलो कारण पाकीट माझ्या हातात पडलं. टीममधल्या एका मुलीने घर बदललं, लायसन्सवर पत्ता बदलला पण गाडीच्या लॉगबुकवर (आपल्या आरसीसारखा कागद) नाही, ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपल्यातल्या अनेकांना ते माहीतच नसतं. क्लेम जुन्या घरी गेला, उत्तर नाही म्हणून एकतर्फी निकाल, आणि तिला कळलं कधी, तर बँकेने मॉर्गेज नाकारलं तेव्हा. एक महिन्यात पैसे पूर्ण भरले तर सीसीजे, म्हणजे कोर्टाचा असा निकाल, रेकॉर्डवरून निघतो, नाहीतर सहा वर्षं राहतो. तिचा महिना केव्हाच उलटून गेला होता. निकाल रद्द करायचा अर्जच तेव्हा 303 पाउंडांचा होता, मूळ पार्किंग 100 चं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिचं ते जॅकेट पुण्यात कपाटात पडून आहे.