हुडॉक: फुकट, भरवशाचं, पण फिल्टर बघून वापरा

स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा हुडॉक हा निकालसंग्रह फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. आश्रय आणि स्थलांतराचा कायदा अभ्यासणाऱ्याला त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. तरी पहिल्याच शोधात बहुतेक जण फसतात, कारण ते ‘आश्रय’ हा शब्द शोधतात. ज्या युरोपीय मानवी हक्क करारावर हे न्यायालय चालतं, त्यात आश्रयाचा हक्कच नाही! 1989च्या सोअरिंग निकालापासून न्यायालयाने तो छळबंदीच्या कलम 3मधून ओढून काढला: जिथे छळाचा खरा धोका आहे, तिथे माणसाला धाडायचं नाही. म्हणून कीवर्डच्या यादीतून कलम 3 आणि त्याखालचं ‘हद्दपारी’ निवडा. सामूहिक हकालपट्टीसाठी चौथ्या प्रोटोकॉलचं (म्हणजे कराराला जोडलेल्या पूरक कराराचं) कलम 4 घ्या. यादीत ते पी4-4 असं दिसतं.

नावाने शोधू नका. अर्जदारांची नावं बऱ्याचदा आद्याक्षरांवर आटोपलेली असतात. अर्ज क्रमांक टाका: हिरसी जमा विरुद्ध इटलीसाठी 27765/09, एम.एस.एस. विरुद्ध बेल्जियम आणि ग्रीससाठी 30696/09.

खोड आहे ती मूळ सेटिंगमध्ये. उघडताच फक्त ग्रँड चेंबर (मोठं पीठ) आणि चेंबर (नेहमीचं पीठ) यांचे निकाल टिक केलेले असतात. अर्ज दाखल करून घेण्याजोगा नाही असं सांगणारे ‘निर्णय’ त्यात येत नाहीत. न्यायालय कुठे हात आखडता घेतं, हे तर तिथेच कळतं. 2013चा मोहम्मद हुसेन विरुद्ध नेदरलँड्स आणि इटली हा डब्लिन परतपाठवणीवरचा (आश्रयाचा अर्ज कोणत्या युरोपीय देशाने हाताळायचा हे ठरवून माणसाला तिकडे धाडण्याच्या नियमावरचा) निर्णय असाच नजरेआड राहतो. ‘निर्णय’ आणि ‘कायदेशीर सारांश’ हे दोन्ही चौकोन हाताने टिक करा. सारांश दोनेक पानांचा असतो. आधी तो वाचून मग मूळ निकालाकडे वळलं तर वेळ वाचतो.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच. एन.डी. आणि एन.टी. विरुद्ध स्पेन (8675/15 आणि 8697/15) या मेलियाच्या (मोरोक्कोला लागून असलेल्या स्पॅनिश शहराच्या) सीमेवरच्या कुंपणाबाबतच्या प्रकरणात चेंबरने 2017मध्ये स्पेनविरुद्ध निकाल दिला. 13 फेब्रुवारी 2020ला ग्रँड चेंबरने तो फिरवला. संग्रहात दोन्ही शेजारीशेजारी आहेत. शब्दशोधातून थेट मधल्या परिच्छेदावर उडी मारणारा रद्द झालेला कायदा उद्धृत करून बसतो. चेंबरचा निकाल हाती आला की त्याच अर्ज क्रमांकाने पुन्हा शोधा, आणि ‘संबंधित’ टॅब उघडून पाहा.

काही निकाल फक्त फ्रेंचमध्ये आहेत. लक्झेंबर्गच्या युरोपीय संघ न्यायालयाचं इथे काही मिळत नाही. एम.एस.एस.नंतर त्याच वर्षी डब्लिनवर तिकडे लागलेला एन.एस. निकाल (सी-411/10) हवा असेल तर कुरिया हे त्या न्यायालयाचं संकेतस्थळ गाठावं लागतं. निकालावर पुढे अंमल झाला का, तेही हुडॉकच्या एक्झेक या वेगळ्या विभागात पाहायचं. ही फोड त्रासदायक आहे, पण मजकुराच्या अचूकतेबद्दल मात्र तक्रार नाही.