वायर न कापता कॅन वाचणारी क्लिप: ट्रकवाल्यांनी घ्यावी का?

कळंबोलीत स्टील मार्केटजवळ आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायरिंग बाबांच्या हातचं, जीपीएसची कामं माझ्याकडे. हल्ली गाडी कुठे आहे एवढ्यावर मालकाचं भागत नाही. डिझेल किती जळलं, गाडी उभी असताना इंजिन किती वेळ चालू राहिलं, हेही त्याला मोबाईलवर हवं असतं. ही माहिती गाडीच्या कॅन वायरींतून, म्हणजे गाडीतले कंट्रोलर (छोटे कॉम्प्युटर) ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या वायरींतून, सतत वाहत असते. ती बाहेर कशी काढायची, एवढाच प्रश्न असतो.

सरधोपट पद्धत म्हणजे हार्नेस (वायरींचा जुडगा) उघडायचा, दोन्ही कॅन वायरींचं कव्हर ब्लेडनं सोलायचं, जीपीएस ट्रॅकरची वायर सोल्डर करायची आणि वर टेप गुंडाळायची. पनवेल-पेण पट्ट्यातल्या पावसात असा जॉइंट गंजून हिरवा पडायला वेळ लागत नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजिन आणि एक्झॉस्ट यांच्या कंट्रोलरचा सगळा संवाद याच वायरींवर चालतो. तिथे जॉइंट सैल झाला की डॅशबोर्डवर दिवे लागतात. मग सर्व्हिस सेंटरवाला सोललेली वायर दाखवून वॉरंटी नाकारतो आणि बिल मालकाच्या माथी बसतं. म्हणूनच वायर न सोलता वरूनच बसणारी बिनजोडाची क्लिप मी वापरायला घेतली आणि आता वॉरंटीतल्या गाडीला दुसरं काही लावत नाही.

कॅन ही बॉशनं १९८६ साली जगासमोर आणलेली पद्धत. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी असतात, हाय आणि लो. शांत असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. संदेश जाताना हाय ३.५ च्या आसपास चढते आणि लो १.५ पर्यंत उतरते. ही चढउतार वायरीच्या कव्हरबाहेरही जाणवते. क्लिपमधला भाग ती कव्हरवरूनच पकडतो, आतलं सर्किट त्यातून मूळ संदेश पुन्हा उभा करतं आणि ट्रॅकरला देतं. बेलारूसमधल्या मिन्स्कच्या टेक्नोटॉन कंपनीची कॅनक्रोकोडाईल या प्रकारात नावाजलेली आहे, लिथुआनियाची टेल्टोनिकाही असा अडॅप्टर बनवते. मी लिहितेय ते या सगळ्या जातीबद्दल.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट ही की या क्लिपला कान आहेत, तोंड नाही. ती गाडीच्या नेटवर्कवर एक अक्षरही पाठवू शकत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी इंटरनेटवरून जीप चेरोकीच्या नेटवर्कमध्ये शिरून दाखवलं आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सिमकार्ड असलेला ट्रॅकर थेट कॅनला जोडताना मला ते नेहमी आठवतं. मधे फक्त ऐकणारी क्लिप असेल तर उद्या ट्रॅकर कुणाच्या ताब्यात गेला तरी तिथून ब्रेकपर्यंत वाट नाही.

पण मर्यादाही त्यातूनच येते आणि विकणारे ती सांगत नाहीत. ट्रकमध्ये कॅनवर बहुतेक जे-१९३९ ची भाषा असते, म्हणजे अवजड गाड्यांसाठी ठरवलेली संदेशांची पद्धत. त्यात इंजिनचे फेरे, वेग, कूलंटचं तापमान, डिझेल जळण्याचा दर हे आपोआप येत राहतात. चालू फॉल्टचे कोडही येतात. पण इंजिनचे एकूण तास आणि आजवर जळलेलं एकूण डिझेल हे आकडे बऱ्याच गाड्यांत विचारल्याशिवाय मिळत नाहीत, आणि क्लिप विचारू शकत नाही. युरोपातल्या ट्रक कंपन्यांनी २००२ मध्ये ठरवलेल्या एफएमएस (मालकांना गाडीची माहिती देण्याच्या) पद्धतीच्या गाडीत हे आकडे न मागता येतात. तुमची गाडी तशी नसेल तर एकूण डिझेलचा हिशेब ट्रॅकरला दरावरून बेरीज करत काढावा लागतो. टाकीच्या पातळीवर तर फार विसंबू नका. तो आकडा शेवटी टाकीत डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटचाच. घाटात डिझेल हेलकावलं की तोही हेलकावतो. कॅनमधून डिझेलचोरी लिटरभर अचूक पकडून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी दारातूनच परत पाठवते.

बसवायला वेळ लागतो तो योग्य जोडी शोधायला. एका गाडीत दोन-तीन कॅन असू शकतात. मी बॅटरी काढून कनेक्टरच्या मागच्या बाजूनं मीटर लावते. दोन वायरींत ६० ओहमच्या आसपास आले तर ती कॅनची जोडी आणि तिच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर शाबूत आहेत. मग क्लिपपुरताच पीळ उलगडायचा, हाय-लो आपापल्या खाचेत बसवायच्या. उलट बसल्या तर काही वाचता येत नाही. वायरीवर शील्डची जाळी असेल तर क्लिपला आतलं ऐकू येत नाही, तेवढ्या जागी जाळी बाजूला करावी लागते. स्टार्टर आणि अल्टरनेटरच्या जाड केबलपासून लांब राहायचं. शेवटी इंजिन चालू करून फेऱ्यांचा कच्चा आकडा पाहते. ४८०० दिसला की जे-१९३९ च्या मापाप्रमाणे ०.१२५ नं गुणायचं, मिनिटाला ६०० फेरे येतात. डॅशबोर्डचा काटा तेच दाखवत असेल तर क्लिप आणि वायर दोन्ही बरोबर आहेत.

टेबलावर एकटा कंट्रोलर ठेवून क्लिप तपासू नका. संदेश मिळाल्याची पोच द्यायला दुसरं कुणी नसतं, म्हणून तो एकच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि क्लिप बिघडल्यासारखी वाटते. ती तपासायची तर पूर्ण गाडीवरच.

जुन्या, वॉरंटी संपलेल्या गाडीला नीट सोल्डर करून, हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घालून केलेला जॉइंट स्वस्तात काम भागवतो. तिथे क्लिपचे पैसे घालायला मी सांगत नाही. खासगी कारलाही नाही. प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी आणि अर्थ जाहीर नसतो, त्यामुळे संदेश मिळूनही बहुतेक आकड्यांचा उलगडा होत नाही. लीजवरची किंवा वॉरंटीतली ट्रक-बस असेल तर मात्र बिनधास्त घ्या. पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, न विचारता कुठले आकडे मिळतात त्याची यादी मागा, आणि ती बिलावर लिहून घ्या.