शेअर केलेला फोल्डर: संगणकाच्या नावाने उघडावा की आयपी पत्त्याने?

लहान कार्यालयातल्या एका विंडोज संगणकावरचा शेअर केलेला फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडेनासा झाला, की बहुतेक जण थेट परवानग्या बदलू लागतात. त्याआधी संगणकाच्या नावाचा आणि आयपी पत्त्याचा (नेटवर्कमधल्या त्याच्या अंकी पत्त्याचा) असे दोन्ही मार्ग ताडून पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

रोजच्या कामाला नाव सोयीचे आहे, कारण राउटरने उद्या दुसरा पत्ता दिला तरी नाव तेच राहते. मात्र नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा अडली, तर शेअरिंग शाबूत असूनही फोल्डर सापडत नाही. 'नेटवर्क'च्या यादीत संगणक न दिसणे हा याहून वेगळा दोष असून, त्यासाठी समोरच्या संगणकावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा चालू आहे का, ते तपासावे.

दोष शोधताना मात्र मला आयपी पत्ताच भरवशाचा वाटतो. 'रन'च्या चौकटीत (विंडोज की आणि R दाबून उघडणाऱ्या) दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे (\\) १९२.१६८.१.५ यासारखा पत्ता टाकल्यावर फोल्डर उघडला, तर खोट नाव शोधण्यात आहे आणि परवानग्यांना हात लावण्याचे कारण नाही. पासवर्ड विचारला गेला, तर वाट मोकळी असून प्रश्न खात्याचा आहे. काहीच उत्तर आले नाही, तर समोरच्या संगणकाचे नेटवर्क 'पब्लिक' (अनोळखी जागेसाठीच्या, जास्त बंधने असलेल्या प्रकारचे) झाले आहे का आणि फायरवॉलने, म्हणजे नको असलेल्या जोडण्या अडवणाऱ्या यंत्रणेने, फाइल शेअरिंगसाठीचे ४४५ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) अडवले आहे का, हे पाहावे. केवळ पिंगला (संगणक उत्तर देतो का हे पाहणाऱ्या चाचणी-संदेशाला) उत्तर मिळत नाही म्हणून तो संगणक बंद आहे असे समजू नये, कारण फायरवॉल पिंगही अडवू शकते. पत्त्यानेच ड्राइव्ह मॅप करायचा, म्हणजे तो फोल्डर ड्राइव्हचे अक्षर देऊन जोडायचा, असेल, तर तो पत्ता आधी राउटरमध्ये त्या संगणकासाठी राखून ठेवावा.